'बाबा' या शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वडील, आजोबा, साधू, तान्हं मूल, म्हातारी, सुईण, बाहुली, घोडे फिरवायचं मैदान आणि दरवाजा. 'बाबा' किंवा त्याच्या अगदी जवळचा उच्चार असलेल्या शब्दाचे हे अर्थ जगातल्या वेगवेगळ्या भाषांत आहेत. यांतले काही एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत, काही लांबचे चुलत, आणि काहींचा एकमेकांशी संबंधच नाही. या शब्दाबद्दल लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

'बाबा' हा मूळचा कोणत्या भाषेतला शब्द आहे?

कोणत्याही एका भाषेतला नाही. 'संस्कृतातून आला', 'तुर्की आहे', 'फारशी आहे' अशी ठाम उत्तरं सगळीकडे वाचायला मिळतात, पण ती प्रश्नाच्या एका तुकड्यापुरती खरी असतात. हा शब्द अनेक ठिकाणी, अनेक वेळा, स्वतंत्रपणे जन्माला आला. त्यानंतर काही भाषांतून तो दुसऱ्या भाषांत गेलाही. त्यामुळे आपोआप जन्मलेला 'बाबा' कुठला आणि प्रवास करून आलेला कुठला, हे प्रत्येक भाषेपुरतं वेगळं तपासावं लागतं. पुढची बहुतेक उत्तरं या तपासणीचीच आहेत.

इतक्या ठिकाणी नेमका हाच शब्द कसा जन्मला?

कारण तो मोठ्यांनी घडवलेला नाही. साधारण सहा ते दहा महिन्यांचं मूल एकच अक्षर पुन्हा पुन्हा म्हणायला लागतं: बाबाबा, मामामा, दादादा. ओठ मिटून उघडले की 'ब', 'प', 'म' तयार होतात. त्यासाठी जिभेची कसरत लागत नाही आणि तोंड उघडलं की 'आ' आपसूक येतो. 'र', 'ळ', 'क्ष' यांना वेळ लागतो, पण ओठांची अक्षरं लवकर येतात.

या वेळी मूल कोणाला हाक मारत नसतं, आवाज करून बघत असतं. अर्थ देतो तो समोरचा माणूस. आई म्हणते, मला म्हणालं. वडील म्हणतात, मला. घरातले लोक तोच आवाज मुलाला परत ऐकवतात आणि काही महिन्यांत तो खरोखरच शब्द होतो.

मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज मर्डॉक यांनी जगभरातल्या भाषांतून आई-वडिलांसाठीचे १०७२ शब्द गोळा केले होते: आईचे ५३१, वडिलांचे ५४१. त्यांच्या आधारे भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात हे कोडं उलगडून दाखवलं. आईसाठीच्या शब्दांत ५५ टक्के 'म', 'न' अशा अनुनासिक व्यंजनांचे होते. वडिलांच्या शब्दांत हे प्रमाण फक्त १५ टक्के. याकोबसन यांचं स्पष्टीकरण साधं आहे. दूध पिताना मुलाचं तोंड भरलेलं असतं, तेव्हा नाकातून निघणारा 'म्म्' हाच आवाज शक्य असतो. पुढे भूक लागली की मूल तोच आवाज काढतं, आणि तो आईशी जोडला जातो. 'ब' आणि 'प' मग उरलेल्या माणसाच्या वाट्याला येतात.

मग सगळीकडे 'मा' म्हणजे आई आणि 'बा' म्हणजे वडीलच असायला हवेत. तसं आहे का?

नाही. या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग तोच आहे. हा कल आहे, नियम नाही.

जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे वडील. आईला तिथे 'देदा' म्हणतात आणि 'बाबुआ' म्हणजे आजोबा. जपानीत आईला 'हाहा' म्हणतात. जपानीतला जुना 'प' कालांतराने 'फ'सारखा आणि नंतर 'ह' झाला, म्हणजे फार पूर्वी हा शब्द 'पापा' असा होता. तिथे 'पापा' ही आई होती!

इतकं लांब जायचीही गरज नाही. मराठीत 'बा' म्हणजे बाप, आणि शेजारच्या गुजरातीत 'बा' म्हणजे आई. कस्तुरबांना सारा देश 'बा' म्हणाला आणि गांधीजींना 'बापू'. गुजराती कानाला त्यात आई आणि वडील स्पष्ट ऐकू येतात. मराठी 'मामा' हा आईचा भाऊ, कितीतरी भाषांत मात्र ती खुद्द आई.

मराठीतला 'बाबा' आपला की फारशी?

दोन्ही बाजूंना वजन आहे, आणि एकच बाजू निवडण्याचा हट्ट मला अनाठायी वाटतो.

आपल्याकडे या घराण्याचे शब्द जुने आहेत. प्राकृतात वडिलांसाठी 'बप्प' होता, त्यातून 'बाप' आला आणि 'बाप्पा'ही त्याच घरातला. आदरार्थी 'बा' तर मराठीच्या हाडामासात आहे: विठोबा, खंडोबा, जोतिबा, म्हसोबा, तुकोबा. 'आजोबा' या शब्दातही तो बसला आहे. तेव्हा 'बाबा' म्हणण्यासाठी मराठी मुलाला फारशीची वाट बघावी लागली, असं म्हणता येत नाही.

दुसरीकडे, फारशी आणि तुर्कीत 'बाबा' हा वडिलांसाठी आणि वडीलधाऱ्या फकीर-सूफींसाठी रूढ शब्द होता. ११ व्या शतकातले इराणमधल्या हमदानचे कवी बाबा ताहिर, १२ व्या-१३ व्या शतकांतले पंजाबचे सूफी संत बाबा फरीद ही त्याची उदाहरणं. १३४७ मध्ये दख्खनेत बहामनी राज्य स्थापन झालं आणि फारशी ही दरबाराची भाषा झाली. त्यानंतर नावाला 'बाबा' लावायच्या प्रथेला या वापराने बळ दिलं असणार. शिवाजी महाराजांच्या पणजोबांचं नाव बाबाजी भोसले होतं, आणि तुकोबांनी आपल्या गुरूंचं नाव बाबाजी असं सांगितलं आहे. म्हणजे १६ व्या-१७ व्या शतकांपर्यंत हा शब्द मराठी नावांत पक्का रुळला होता.

एकच शब्द म्हाताऱ्याला आणि तान्ह्या बाळाला कसा चालतो?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्याचं उत्तर मराठीतल्याच एका शब्दात दडलंय: 'बाबापुता'. रुसलेल्या माणसाची समजूत घालताना आपण बाबापुता करतो. त्याला 'बाबा' म्हणतो, लगेच 'पुता' म्हणजे मुलगाही म्हणतो. मायेच्या बोलण्यात वडील आणि मूल यांच्या जागा सहज बदलतात.

भाषाशास्त्रात या सवयीची भरपूर उदाहरणं आहेत. बंगालीत 'बाबा' म्हणजे वडील, पण आई लाडाने मुलालाही 'बाबा' म्हणते. अरबी बोलणाऱ्या अनेक घरांत बाप मुलाला 'बाबा' आणि आई मुलाला 'मामा' म्हणून हाक मारते. हाक मारणारा स्वतःचंच नातं मुलाला बहाल करतो. संस्कृतात 'तात' हे संबोधन वडिलांनाही चालतं आणि लहानग्यालाही. एकदा ही अदलाबदल सुरू झाली की काही भाषांत पारडं मुलाकडेच झुकतं. गुजरातीत 'बाबो' म्हणजे मुलगा, सिंहलीत 'बबा' म्हणजे बाळ. इंग्रज साहेबांच्या घरातले हिंदुस्थानी नोकर त्यांच्या मुलांना 'बाबा लोग' म्हणत, आणि मुलीलासुद्धा 'मिसी बाबा'.

हिंदी पट्ट्यात आणि पंजाबात पारडं दुसऱ्या बाजूला झुकलं: तिथे 'बाबा' म्हणजे बहुधा आजोबा किंवा वयोवृद्ध माणूस. गुरू नानकांना 'बाबा नानक' म्हणतात ते या आदराने.

बाबा आमटे यांच्या नावातला 'बाबा' साधुत्वाचा आहे का?

नाही. मुरलीधर देवीदास आमटे यांना घरात लहानपणापासून 'बाबा' म्हणत. ते लाडाचं नाव होतं आणि पुढे तेच टिकलं. कुष्ठरुग्णांसाठी त्यांनी आयुष्य दिलं, म्हणून लोकांना तो संतपदाचा 'बाबा' वाटतो. वाटण्यात काही वावगं नाही, पण शब्दाचा इतिहास वेगळा आहे.

गाडगेबाबा किंवा शिर्डीचे साईबाबा यांचा 'बाबा' मात्र आदराचा, लोकांनी दिलेला. 'बाबासाहेब' आंबेडकरांच्या नावात वडीलधारेपण आणि 'साहेब' असे दोन मान एकत्र आले आहेत. आणि 'भोंदूबाबा' हा शब्द मराठीला तयार करावा लागला, कारण मान देणारा शब्द कुणीही स्वतःच स्वतःला लावून घेऊ शकतो.

रशियन आणि इतर स्लाव्ह भाषांत 'बाबा' ही बाई कशी?

तिथे बाळाचा तोच आवाज आजीच्या वाट्याला आला. बल्गेरियनमध्ये 'बाबा' म्हणजे आजी. १ मार्चला तिथे 'बाबा मार्ता', म्हणजे मार्च-आजी, येते अशी कल्पना आहे, आणि लोक एकमेकांना लाल-पांढऱ्या दोऱ्याचे गोंडे बांधतात. रशियनमध्ये आजीला 'बाबुश्का' म्हणतात. नुसतं 'बाबा' म्हणजे खेडवळ बाई. आज ते एखाद्या स्त्रीला उद्देशून म्हणणं उद्धट समजलं जातं, हे मराठी माणसाने मॉस्कोला जाताना लक्षात ठेवावं. लोककथांतल्या जंगलात राहणाऱ्या चेटकिणीचं नाव 'बाबा यागा'. शरद ऋतूत थंडी पडायच्या आधी काही ऊबदार दिवस येतात, त्यांना रशियन लोक 'बाब्ये ल्येता', म्हणजे बायांचा उन्हाळा म्हणतात. बर्फाचा जो पुतळा आपल्या कल्पनेत पुरुष असतो, तो रशियनमध्ये बाई आहे: 'स्न्येझ्नाया बाबा'.

म्हातारी अनुभवी बाई म्हणजे सुईण, हाही अर्थ स्लाव्ह भाषांत आला. तिथून तो शेजारच्या हंगेरियनने घेतला. हंगेरियन ही स्लाव्ह भाषा नाही. तिच्यात आता दोन शब्द शेजारी नांदतात: पहिला स्वर लांबवला तर सुईण, आखूड ठेवला तर बाळ किंवा बाहुली. सुईण स्लाव्ह भाषांतून आली. बाळ-बाहुलीचा शब्द बोबड्या बोलांतला.

आफ्रिकेतही वडिलांना 'बाबा' म्हणतात, ते अरबांमुळे का?

हा समज पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेमुळे होतो, कारण स्वाहिलीत अरबी शब्द खरोखर पुष्कळ आहेत. पण 'बाबा' त्यांतला मानायचं कारण नाही. खंडाच्या दक्षिणेकडच्या शोना आणि झुलू भाषांतही तो आहे, आणि पश्चिमेकडच्या, वेगळ्या शाखेतल्या योरुबा भाषेतही.

स्वाहिलीतली एक गोष्ट मात्र आपल्याला ओळखीची वाटेल. वडिलांचा मोठा भाऊ 'बाबा म्कुब्वा', म्हणजे मोठा बाप, आणि धाकटा भाऊ 'बाबा म्दोगो', म्हणजे छोटा बाप. कन्नडमध्ये 'दोड्डप्पा' आणि 'चिक्कप्पा' अगदी याच रचनेचे आहेत.

चिनी 'बाबा'चं काय?

चिनीतही वडील. फक्त चिनी 'ब' हा आपल्या 'ब'सारखा घुमत नाही. मराठी कानाला तो 'पापा'च्या जवळचा वाटतो. पहिलं अक्षर वरून खाली उतरत्या सुरात, दुसरं हलकं.

इथे शिकण्यासारखं बरंच आहे. वडिलांसाठीचा चिनीतला औपचारिक शब्द आज 'फू' असा उच्चारला जातो. त्याचा प्राचीन उच्चार 'बा'च्या जवळचा होता, असं ध्वनींचा अभ्यास करणाऱ्यांनी पुनर्रचनेतून दाखवलं आहे. हजारो वर्षांत औपचारिक शब्द झिजून बदलला, पण घरातला शब्द 'बा'पाशीच राहिला, कारण प्रत्येक पिढीतलं मूल तो नव्याने म्हणत होतं. युरोपातही हेच दिसतं. संस्कृत 'पितृ', लॅटिन 'पातेर' आणि इंग्रजी 'फादर' हे एका मुळाचे; इंग्रजीच्या पूर्वज भाषेत 'प'चा 'फ' झाला. तो नियम बाळाच्या बोलांना लागला असता तर इंग्रज मुलं 'फाफा' म्हणाली असती.

तमिळ आणि कोरियन दोन्हींत 'अप्पा' म्हणजे वडील. मग या भाषा बहिणी आहेत ना?

या एका पुराव्यावर मुळीच नाही. हा दावा समाजमाध्यमांवर फार फिरतो. 'अप्पा', 'अम्मा', 'बाबा', 'मामा' हे शब्द भाषांचं नातं सिद्ध करायला वापरू नयेत, असा भाषाशास्त्रातला साधा दंडक आहे. जे कुठेही आपोआप तयार होतं ते नात्याचा पुरावा होऊ शकत नाही. पश्चिम आशियातल्या अरामाइक आणि हिब्रू भाषांत 'अब्बा' म्हणजे वडील आहेत. म्हणून त्या तमिळच्या बहिणी ठरत नाहीत. नातं शोधायचं तर आकडे, अवयवांची नावं, क्रियापदांची रूपं यांत नियमित ध्वनिबदल दिसावे लागतात.

मराठी 'आप्पा' मात्र कन्नड-तेलुगू शेजारातूनच आला आहे. तिथे शेजार आहे, शेकडो वर्षांची देवघेव आहे, आणि सोबत आलेले इतर शब्दही आहेत.

जपानमधल्या 'ताकादानोबाबा' स्थानकात कुठला बाबा?

कुठलाच नाही. टोकियोतल्या या ठिकाणी १७ व्या शतकात घोडेस्वारीच्या सरावाचं मैदान होतं. 'बा' म्हणजे घोडा, आणि दुसरा 'बा' म्हणजे जागा. दोन्ही वेगवेगळ्या चित्रलिपीचिन्हांनी लिहितात. 'बाबा' हे जपानी आडनावही याच चिन्हांनी लिहिलं जातं. म्हातारीसाठीचा 'बाबा' किंवा 'बाबाआ' जपानीत वेगळा आहे, आणि तो तोंडावर म्हटला तर शिवीच्या वळणाने जातो.

मराठी 'बाब' आणि 'बाबत' यांचा 'बाबा'शी काही संबंध आहे का?

नाही, पण त्यांची गोष्ट थांबून ऐकण्यासारखी आहे. अरबीत 'बाब' म्हणजे दरवाजा. तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाची सामुद्रधुनी 'बाब-एल-मांदेब', म्हणजे शोकाचं दार. इराणात १८४४ मध्ये स्वतःला 'बाब' घोषित करणारे सय्यद अली मुहम्मद शिराझी हे ईश्वरी ज्ञानाचं दार या अर्थाने बाब झाले. त्याहून कितीतरी जुन्या, प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कादी भाषेतही दरवाजा म्हणजे 'बाबु', आणि तिथले लोक बाबिलोन या नावाचा अर्थ 'देवाचं दार' असा लावत. अरामाइकमध्ये हा शब्द 'बाबा' असाच होतो. ज्यूंच्या तालमूद या धर्मग्रंथातल्या तीन भागांची नावं 'बावा कम्मा', 'बावा मेत्सिया', 'बावा बत्रा' अशी आहेत: पहिलं दार, मधलं दार, शेवटचं दार.

दारावरून ग्रंथाचं प्रकरण, प्रकरणावरून विषय, विषयावरून हिशेबातलं कलम, असा अर्थ सरकत गेला. फारशीमार्गे तो मराठीत आला आणि आपण 'ही गंभीर बाब आहे', 'त्याबाबत बोलू' म्हणू लागलो. मराठेशाहीच्या हिशेबात चौथाईच्या वसुलातला छत्रपतींचा २५ टक्के वाटा 'राजबाबती' म्हणून ओळखला जायचा. तिथलं 'बाबती' याच दारातून आलेलं.

पोपला अरबीत 'बाबा' का म्हणतात?

ग्रीक 'पाप्पास' हा बापासाठी मुलांच्या बोलीतला शब्द. त्यावरून लॅटिन 'पापा', आणि त्यावरून पोप. अरबीत 'प' नाही, म्हणून 'अल-बाबा'. इजिप्तमधल्या कॉप्टिक या ख्रिस्ती चर्चच्या प्रमुखांनाही हेच पद आहे.

अलीबाबा, रम बाबा, बाबा गनूश, बाबा-न्योन्या: हे सगळे एकच का?

अलीबाबातला 'बाबा' तुर्की-अरबी वळणाचा, आदराचा. 'बाबा गनूश' या वांग्याच्या पदार्थात 'बाबा' म्हणजे बापच; नावाचा अर्थ साधारण 'लाडावलेला बाप'. 'रम बाबा' हा केक मात्र पोलंडमधल्या 'बाबा'वरून, म्हणजे बाईवरून आला आहे. मलाक्का, पेनांग आणि सिंगापूरमधल्या जुन्या चिनी वंशाच्या समाजात पुरुषांना 'बाबा' आणि स्त्रियांना 'न्योन्या' म्हणतात. तिथला 'बाबा' हिंदुस्थानी आणि फारशी वापरातून गेलेला आदराचा शब्द आहे, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

मराठीत 'बाबाने' की 'बाबांनी'?

वडील, संत, वयस्कर माणूस असेल तर 'बाबांनी', 'बाबांचा'. लाडाने बाळाला 'बाबा' म्हणत असाल तर 'बाबाने दूध प्यायलं' बरोबर आहे. 'अरे बाबा', 'नको रे बाबा', 'जा बाबा एकदाचा' यांत 'बाबा' कुठलंच नातं सांगत नाही; तो फक्त सूर आहे, म्हणून त्याला प्रत्यय लागत नाही. संतांच्या नावाला जोडून लिहायचं: गाडगेबाबा, साईबाबा. व्यक्तीचं नाव किंवा टोपणनावच 'बाबा' असेल तर आडनावापासून सुटं: बाबा आमटे.

परक्या भाषेत 'बाबा' दिसला तर अर्थ कसा ओळखावा?

आधी भाषा कुठली ते पाहा, मग शब्द नावाच्या आधी आहे की नंतर. तुर्की आणि मराठीत तो आदराने नावामागून येतो. स्लाव्ह भाषांत आजीच्या नावाआधी. रशियन, पोलिश, बल्गेरियनमध्ये सोबतचं विशेषण स्त्रीलिंगी असेल. जपानीत चित्रलिपीत 'घोडा' दिसला तर ते आडनाव किंवा जागेचं नाव. अरबी किंवा हिब्रू मजकुरात प्रकरण, ग्रंथभाग असा संदर्भ असेल तर तो दरवाजा. आणि तुर्कस्तानात कुणी 'बाबाआन्ने' म्हणालं तर गोंधळू नका: 'बाबा' वडील, 'आन्ने' आई, आणि दोन्ही मिळून वडिलांची आई.